अर्भकाची पहिली विद्या

संस्कृत भाषेंत 'धे' नांवाचा एक लहानसा धातु आहे. त्याचा अर्थ पिणें, चोखणें. शाळेंत रूपें घोकून घेतांना त्याच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु या चिमुकल्या धातूचा परिवार पाहिला म्हणजे कौतुक वाटतें. जिचें दूध प्यावयाचें ती धेनु, जी अंगावर पाजते ती धात्री, आणि जें पितें तें स्तनंधय. अमरकोशांत तान्ह्या मुलास दिलेलीं नांवें पाहावीं. उताणें निजतें म्हणून तें उत्तानशय, आणि स्तन्य पितें म्हणून स्तनप किंवा स्तनंधय. तान्ह्या मुलानें दुसरें कांहीं करावयाचें असतें असें कोशकारांस वाटलेलेंच दिसत नाहीं. हे शब्द मीं पस्तीस वर्षें वर्गांत शिकविले. परंतु दूध चोखणें ही देखील एक विद्या आहे, ती गर्भांत आरंभ होऊन क्रमाक्रमानें पुरी होते, आणि जें मूल वेळेपूर्वीं जन्मास येतें त्याला ती अर्धवट अभ्यासावरच पुढें शिकावी लागते, हें मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, एका इस्पितळाच्या बांकावर बसून कळलें. तेथें जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या महिन्याच्या लेखाचा हेतु.

गतवर्षीं श्रावणांत आमची धाकटी कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. दिवस पुरे व्हावयास दोन महिन्यांहून अधिक अवकाश होता. एके रात्रीं अकस्मात् कळा सुरू झाल्या, आणि पहांटे, एकतिसावा आठवडा संपतां संपतां, तिला मुलगा झाला. वजन १४५० ग्रॅम. मुठीएवढें डोकें, सुरकुतलेली तांबूस कातडी, आणि गालांवर मांस म्हणून नाहीं. त्याला लागलीच कांचेच्या पेटींत ठेविलें, आणि नाकावाटे पोटांत एक बारीक नळी घातली.

घरीं वार्ता कळली तेव्हां आमच्या वडील भगिनी, ज्यांस लहानथोर सर्व आक्का म्हणतात, त्या मटकन् खालीं बसल्या. त्यांच्या तोंडून एवढेच शब्द निघाले, "अग बाई! आठवा महिना!" सातव्या महिन्याचें मूल वांचतें, आठव्याचें वांचत नाहीं, ही समजूत आपल्या घराघरांतून आहे. ती केवळ बायकांची नव्हे. आठव्या महिन्यांत ओज अस्थिर असतें, तें आई व गर्भ यांच्यामध्यें ये-जा करितें, म्हणून त्या महिन्यांत जन्मलेलें मूल जगत नाहीं, असें चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांतहि सांगितलें आहे. मी स्वतः तीं प्रकरणें वाचलेलीं. त्यामुळें आक्कांस धीर देण्याऐवजीं मीच मनांतून खचलों.

डॉक्टरीणबाईंस मीं भीत भीत विचारलें. त्या हंसल्या नाहींत, शांतपणें म्हणाल्या, "आजोबा, हिशेब अगदीं उलट आहे. पोटांत काढलेला प्रत्येक आठवडा मुलाच्या जमेचाच असतो. सातव्यापेक्षां आठवा बरा आणि आठव्यापेक्षां नववा बरा." आजच्या वैद्यकांत महिने न मोजतां शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. चाळीस आठवडे म्हणजे पूर्ण काल. सदतीस आठवडे भरण्यापूर्वीं जन्मलेलें तें अकालज. अशीं मुलें क्वचित् होतात असेंहि नाहीं. २०२० सालीं जगांत सुमारें १ कोटि ३४ लक्ष मुलें अकालीं जन्मलीं, आणि त्यांतलीं सुमारें ३० लक्ष एकट्या हिंदुस्थानांतलीं होतीं. म्हणजे हा प्रसंग आज आमच्या घरीं आला, तो उद्यां कोणाच्याहि घरीं येऊं शकतो.

आतां माझ्या हातून जी चूक घडली ती सांगतों. पहिले दोन आठवडे बाळाला नळीवाटे आईचेंच दूध दिलें जात होतें. कन्या दर तीन तासांनीं, रात्रींहि उठून, दूध काढून देत असे. पहिल्या दिवशीं तें चमचाभरहि नव्हतें. हळूहळू वाटीभर होऊं लागलें. तेहतिसाव्या आठवड्यांत बाळाला प्रथमच तिच्या अंगाशीं धरूं दिलें. आम्ही सर्व मोठ्या आशेनें कांचेबाहेर उभे होतों. बाळानें जीभ बाहेर काढली, दोन वेळां चाटलें, आणि तें झोंपीं गेलें. दुसऱ्या दिवशीं तेंच, तिसऱ्या दिवशीं तेंच. तेव्हां माझ्या तोंडून शब्द गेले, "बाळे, शेजारच्या खाटेवरचीं मुलें कशीं चटचट पितात! तूं त्याला नीट धरीत नाहींस कीं काय?" ती कांहीं बोलली नाहीं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या संध्याकाळीं तिचें दूध रोजच्या निम्मेंहि आलें नाहीं. आईच्या मनावर ताण आला म्हणजे दुधाचा पान्हा अडतो, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असें नाहीं. गाय आटवते हें खेड्यांतल्या पोरासहि ठाऊक असतें. परंतु आपल्या मुलीविषयीं तें मला सुचलें नाहीं.

रात्रपाळीच्या परिचारिकेनें हा प्रकार पाहिला होता. तिनें मला बाहेर बोलावून विचारलें, "आजोबा, तुम्ही शाळेंत शिकवीत होतां ना? मग पहिल्या इयत्तेच्या मुलाला तुम्ही जोडाक्षर लिहावयास सांगत होतां का? बाळाला चोखतां येतं, गिळतां येतं, श्वासहि घेतां येतो. पण तिन्ही एकदम जमत नाहींत अजून." मला माझ्याच भाषेंत उत्तर मिळालें. त्यानंतर त्या परिचारिकेकडून आणि डॉक्टरीणबाईंकडून मीं विचारून घेतलें, आणि मग स्वतःहि वाचून पाहिलें.

आपल्या घशांत श्वासाचा मार्ग आणि अन्नाचा मार्ग एके ठिकाणीं एकमेकांस छेदून जातात. घोट गिळतांना स्वरयंत्र वर उचललें जातें, श्वासनलिकेचें तोंड झांकलें जातें, आणि तेवढा क्षण श्वास थांबतो. मोठ्या माणसास हें जाणवत नाहीं, कारण तो जेवतांना मध्यें सावकाश थांबूं शकतो. तान्ह्या मुलाचें तसें नाहीं. तें दर सेकंदास सुमारें एकदां चोखतें, आणि दूध वाहूं लागलें म्हणजे साधारणतः एक चोखा, एक घोट, एक श्वास असा क्रम चालतो. दहापंधरा चोखे झाले म्हणजे तें थोडें थांबतें, पुन्हां सुरू करितें. श्लोक म्हणतांना यति कोठें आहे हें ज्याला कळलें नाहीं त्याचा दम जसा मध्येंच तुटतो, तसें अकालज मुलाचें होतें. तें दोनचार चोखे घेतें, घोट गिळतें, आणि श्वास घ्यावयाचें राहून जातें. मग रक्तांतला प्राणवायु उतरतो, हृदयाची गति मंदावते, ओंठ निळसर पडतात. दूध श्वासनलिकेंत गेल्यास फुप्फुसांस अपाय होतो. म्हणून नळी लावितात. ती मुलाच्या आळसावरचा किंवा आईच्या अज्ञानावरचा उपाय नव्हे.

या विद्येचा अभ्यासक्रम मोठा मनोरंजक आहे. गर्भ बाराव्या आठवड्याच्या सुमारास गिळूं लागतो. त्याच्याभोंवतींचें पाणी हीच त्याची सामग्री. चौथ्या-पांचव्या महिन्यांत ओंठ आणि जीभ यांच्या चोखण्यासारख्या हालचाली दिसतात, आणि गर्भ अंगठा तोंडांत घालतो तेंहि सोनोग्राफींत पाहावयास मिळतें. पूर्ण दिवस भरत आलेला गर्भ दिवसाकांठीं अर्धा लिटर किंवा त्याहूनहि अधिक पाणी गिळतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यांत चोखणें असतें, पण तें दुबळें आणि बेताल. बत्तिसाव्याच्या सुमारास गालाला स्पर्श होतांच तोंड तिकडे वळवून शोध घेण्याची प्रवृत्ति स्पष्ट होते आणि चोख्यांच्या लहान लहान मालिका जमूं लागतात. चोखणें, गिळणें आणि श्वास यांचा मेळ बहुतेक मुलांस चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसूं लागतो, आणि छत्तिसाव्या-सदतिसाव्यापर्यंत तो पक्का होतो. हा मेळ मेंदूच्या देंठाकडून राखला जातो, आणि तेथील मज्जातंतु आपल्या वेळेनेंच पक्व होतात. अर्थात् हे आंकडे म्हणजे पंचांग नव्हे. स्वीडनमध्यें उप्साला येथील संशोधकांनीं अकालज मुलांस आईजवळ मोकळेपणीं ठेवून पाहिलें, तेव्हां कांहीं मुलें अठ्ठाविसाव्या आठवड्यांतच स्तन शोधून तोंडांत धरूं लागलीं. म्हणून आठवडे मोजावे, पण मुलाकडे पाहून.

चोखण्यांतहि दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, हें मला नवीन होतें. एक दाबणें आणि दुसरी ओढणें. जीभ टाळूवर दाबल्यानें दूध पिळलें जातें ती पहिली. तोंड सर्व बाजूंनीं बंद करून जीभ खालीं नेली म्हणजे आंत पोकळी होते, आणि तिच्यामुळें दूध ओढलें जातें ती दुसरी. १९५८ सालीं इंग्लंडांत क्ष-किरणांचें चलच्चित्र घेऊन मूल दूध कसें पितें तें पाहिलें गेलें, आणि पुढें बराच काळ पिळण्याच्या क्रियेवरच भर देण्यांत येत असे. २००८ सालीं ऑस्ट्रेलियांत पर्थ येथें ध्वनिलहरींच्या साह्यानें पुन्हां पाहिलें, तेव्हां असें दिसलें कीं, जीभ खालीं जाऊन ओढ सर्वांत अधिक होते त्या क्षणीं दूध वाहतें. अमेरिकेंत ह्यूस्टन येथें शांताल लाउ या बाईंनीं अकालज मुलांच्या चोखण्याच्या पांच पायऱ्या लावून दाखविल्या. तो निबंध २००० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं, अशा मुलास दाबणें आधीं साधतें आणि ओढणें मागाहून. ओंठ घट्ट मिटणें, टाळूचा मऊ भाग उचलून नाकाची वाट बंद करणें, आणि त्याच वेळीं जीभ खालीं नेणें, इतकें सगळें ओढण्याच्या मुळाशीं आहे. शिवाय पूर्ण दिवसांच्या मुलाच्या गालांत चरबीच्या दोन गाद्या असतात, त्या तोंडाला आधार देतात. आमच्या बाळाचे गाल खपाटीला गेलेले होते. ज्याला आधारच नाहीं त्यानें ओढावें कसें?

येथें कित्येकांस वाटेल कीं, मग बाटली द्यावी. ती ओढावी लागत नाहीं, आपोआप गळते. हाच मोठा भ्रम आहे. आपोआप गळणारें दूध मुलाच्या तयारीची वाट पाहत नाहीं; त्याला श्वासाची सवड न देतां घोट गिळावा लागतो. आईच्या अंगावर मूल चोखील तेवढेंच येतें, आणि तें थांबलें कीं बहुधा दूधहि मंदावतें. अमेरिकेंतील परिचारिकांच्या अभ्यासांत अकालज मुलांचा प्राणवायु बाटलीपेक्षां अंगावर पितांना अधिक स्थिर राहिलेला दिसला आहे.

यावर इस्पितळांत जो उपाय चालू होता तो फारच शहाणपणाचा होता. मुलाचें चोखणें दोन प्रकारचें असतें. दूध मिळत असतां तें सेकंदास सुमारें एकदां चोखतें, आणि दुधावांचून नुसतेंच चोखतें तेव्हां सुमारें दोनदां. हा भेद अमेरिकेंत पीटर वुल्फ यांनीं १९६८ सालीं नीट मोजून मांडला. नुसत्या चोखण्यांत गिळण्याचा प्रश्न नसतो, म्हणून श्वासाची भीति थोडी, आणि सराव मात्र होतो. आमच्या कन्येला प्रथम दूध काढून घ्यावयास सांगत, आणि मग रिकाम्या स्तनाशीं बाळाला धरावयास सांगत. त्याच वेळीं नळीवाटे दूध पोटांत जाई. आपण चोखतों आणि पोट भरतें, हा संबंध बाळाच्या ध्यानीं यावा हा हेतु. अशा सरावानें नळी लवकर सुटते आणि मूल लवकर घरीं जातें, असें अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणांतून दिसून आलें आहे. जोडाक्षरापूर्वीं सुटीं अक्षरें गिरवून घेण्यासारखेंच हें. इतकी साधी अध्यापनपद्धति आपल्या ध्यानांत येऊं नये याची मला लाज वाटली.

चोखण्याकडे निव्वळ पोटाचा व्यवहार म्हणून पाहूं नये. अमेरिकेंतच १९७१ सालीं पीटर आयमस व त्यांचे सहकारी यांनीं एक व चार महिन्यांच्या मुलांच्या तोंडांत यंत्रास जोडलेलें बोंड देऊन त्यांस अक्षरें ऐकविलीं. तोच तो ध्वनि ऐकून मूल कंटाळलें म्हणजे त्याचें चोखणें मंदावे; 'ब' जाऊन 'प' आला कीं तें पुन्हां जोरानें चोखूं लागे. म्हणजे ओष्ठ्य वर्णांतील घोष-अघोष भेद, जो समजाविण्यास मला वर्गांत दोन दिवस लागत, तो महिन्याच्या मुलाच्या कानास उमगत होता. पुढें १९८० सालीं डीकॅस्पर आणि फायफर या दोघांनीं तीन दिवसांच्या आंतल्या मुलांवर प्रयोग केला. चोखतांना मध्यें जो विराम पडतो तो लांबविला किंवा आंखडला तर आईचा आवाज ऐकूं यावा, नाहीं तर परक्या बाईचा, अशी योजना होती. मुलें आपला विराम बदलून आईचा आवाज मागून घेत. अभिमन्यूची कथा कथा म्हणूनच ऐकावी. पण आईचा आवाज मूल पोटांतून ओळखून येतें, एवढें मात्र या चिमुकल्या ओंठांनीं सिद्ध केलें आहे.

या विद्येची शाळा कोणती म्हणाल, तर आईची छाती. १९७८ सालीं दक्षिण अमेरिकेंत, कोलंबियाच्या बोगोटा शहरीं, एका सूतिकागृहांत पेट्या अपुऱ्या पडूं लागल्या. तेव्हां एद्गार रेय या डॉक्टरांनीं अकालज मुलें आईच्या उघड्या छातीवर उभीं बांधून ठेवण्याची प्रथा सुरू केली. कांगारूचें पिलूं अपुरें जन्मतें आणि आईच्या पिशवींत सडाला चिकटून वाढतें, त्यावरून या पद्धतीस कांगारूचें नांव मिळालें. अडचणींतून निघालेली ही युक्ति कित्येक बाबतींत पेटीपेक्षां सरस ठरली. आफ्रिकेंतील चार देश आणि आपली दिल्ली येथें मिळून जो मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाले. एक किलोपासून १८०० ग्रॅमच्या आंतील मुलांस जन्मल्याबरोबर, प्रकृति स्थिर होण्याची वाट न पाहतां आईच्या अंगाशीं ठेविलें तेव्हां २८ दिवसांत शेंकडा १२ दगावलीं. आधीं स्थिर होऊं देऊन मग ठेविलेल्यांत शेंकडा १५.७. पुढच्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें जन्मतःच ही पद्धत सुरू करण्याचा उपदेश केला. आईच्या अंगाशीं असतां मूल उबदार राहतें, श्वास स्थिर होतो, आणि दुधाचा वास घेत घेत तें आपण होऊन तोंड हलवूं लागतें. वडील किंवा आजीहि हें काम करूं शकतात. आमच्या घरीं जांवईबापूंनीं आणि माझ्या पत्नीनें पाळ्या लाविल्या. मीहि दोन दुपारी ती सेवा केली. छातीवर एवढासा जीव उबेनें निजला असतां आपणांस हालावेंसें वाटत नाहीं.

आतां एका नाजूक विषयाकडे वळतों. आक्कांनीं इस्पितळांत येतांना मध आणि सोन्याची अंगठी आणिली होती. जातकर्मांत मध-तूप चाटविण्याचा विधि आहे, आणि मला त्याविषयीं आदर आहे. परंतु ग्रंथच उघडून पाहूं. मातेचें दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशीं उतरतें, तोंवर मध-तूप द्यावें, असें सुश्रुत सांगतो. चरक मात्र मध-तुपाच्या मागोमाग पहिल्याच दिवशीं उजवा स्तन द्यावयास सांगतो. दूध दोनचार दिवसांनीं भरून येतें हें सुश्रुताचें निरीक्षण खोटें नाहीं. पण तत्पूर्वींचा पिवळसर चीक थोडा असला तरी तोच मुलाचें पहिलें औषध आहे. त्यांत रोग निवारणारीं द्रव्यें भरपूर असतात, हें आज निश्चित कळलें आहे. आणि मधांत एका जंतूचें बीज असूं शकतें, जें वर्षाच्या आंतील मुलाच्या आंतड्यांत रुजून त्याचे स्नायु लुळे पाडतें. त्या रोगाचीं पहिलीं लक्षणें कोणतीं? तर बद्धकोष्ठ आणि दूध ओढतां न येणें. ज्या कृत्यानें मुलाची पहिली विद्याच हिरावली जाईल तें मेधाजनन कसें म्हणावें? आम्ही मध देवापुढें ठेविला, अंगठी बाळाच्या मुठीस लाविली, मंत्र म्हटले, आणि चीक कापसाच्या बोळ्यानें त्याच्या गालफडांत लाविला. विधीचें कांहीं उणें पडलें असें मला वाटत नाहीं.

ज्या घरीं असा प्रसंग येईल त्यांनीं थोड्या गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आईनें प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या कांहीं तासांतच, हातानें दूध काढण्यास आरंभ करावा, आणि दिवसरात्र मिळून आठ वेळां तरी काढावें. मूल ओढीत नसलें तरी दूध आटूं देऊं नये. आईचें दूध कमी पडल्यास दुग्धपेढीचा विचार करावा. या देशांतली पहिली अशी पेढी मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं डॉक्टर अर्मिडा फर्नांडिस यांनीं सुरू केली, आणि आतां ठिकठिकाणीं अशा पेढ्या आहेत. झोंपलेल्या अकालज मुलास तळपायांवर टिचक्या मारून पाजण्याचा आग्रह धरूं नये. जीभ बाहेर काढणें, मूठ तोंडाकडे नेणें, मान वळविणें, हीं त्याच्या मागण्याचीं चिन्हें; रडणें हें शेवटचें. आणि एक गोष्ट मात्र याच्या उलट आहे. जें मूल कालपर्यंत नीट पीत होतें तें आज पिईनासें झालें, मलूल पडलें, तर तो पाठ विसरलें असें समजून घरीं बसूं नये. तें आजारपणाचें लक्षण असतें, त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.

सर्वांत महत्त्वाची सूचना आम्हां वडील मंडळींस. मूल पीत नाहीं याचा दोष आईच्या माथीं मारूं नये. मीं दुसऱ्या दिवशीं कन्येजवळ जाऊन म्हटलें, "बाळे, काल मी चुकलों." ती म्हणाली, "असूं द्या, बाबा," आणि मग बराच वेळ रडली. मलाहि आवरेना.

पुढें चौतिसाव्या आठवड्यांत बाळानें प्रथम पांच चोखे सलग घेतले आणि स्वतः थांबून श्वास घेतला. परिचारिकेनें बोटें मोजून दाखविलीं. नळीबरोबरच थोडें दूध चोंचीच्या लहान पात्रानें देऊं लागले; दक्षिणेकडे त्याला पालाडै म्हणतात. तें पाहतांच आक्का उद्गारल्या, "अरे, हें तर आपलें बोंडलें!" आणि दुसऱ्या दिवशीं त्यांनीं फडताळांतून आमच्या घरचें जुनें चांदीचें बोंडलें काढून आणिलें. डॉक्टरीणबाईंनीं तें हातांत घेऊन पाहिलें आणि घरीं गेल्यावर चोंच आंतून नीट घांसून, उकळून वापरण्यास संमति दिली. मात्र रीत बदलावयास सांगितली. पूर्वीं मुलाला पायांवर उताणें घालून दूध तोंडांत ओतीत. त्यानें ठसका लागतो, आणि कधीं जिवावरहि बेततें. मुलाला अर्धवट बसतें धरावें, चोंच ओंठाच्या कोपऱ्याशीं टेकवावी, थोडें द्यावें, घोट उतरल्याची खात्री करावी, आणि मगच पुढचें द्यावें. छत्तिसावा आठवडा पुरा होतां बाळ अंगावर पुरतें पिऊं लागलें, आणि दोन किलोच्या जवळ वजन घेऊन घरीं आलें.

त्या रात्रीं आक्का बोंडलें पुसत बसल्या होत्या. मीं सहज विचारलें, "आक्का, हें कोणासाठीं घडविलें होतें?" त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठीं. तूं ओढीतच नव्हतास. आईनें दीड महिना यानेंच जगविलें तुला." मी अपुऱ्या दिवसांचा हें मला ठाऊक होतें, सातव्या महिन्याचा म्हणून वांचलों, असें घरांत नेहमीं सांगत. मी तसें म्हणालों. आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सातवा कसला रे! आठवा पुरा होत आला होता. मी बारा वर्षांची होतें, मला पक्कें ठाऊक आहे. पण आठवा म्हटलें तर सगळे धीर सोडतील म्हणून आईनें कोणाला सांगितलें नाहीं. मलाहि शपथ घातली होती."

मी स्तब्ध झालों. आठव्या महिन्याचीं जीं मुलें वांचलीं त्यांतलीं कितीक अशींच आयांनीं सातव्यांत घातलीं असतील, आणि जीं दगावलीं तेवढींच आठव्याच्या खात्यावर राहिलीं असतील! समजूत खरी ठरण्यास आणखी काय पाहिजे?

बाळ आतां वर्षाचें होत आलें. परवां त्यानें माझ्या अमरकोशाचें पान चोखून ओलें केलें. बोंडलें आक्कांनीं पुन्हां फडताळांत ठेविलें आहे. आणि बाळाचा महिना कोणी विचारला तर त्याच आधीं पुढें होऊन सांगतात, आठवा.